धुतलेलं रेडकू

आमच्या म्हशीचं रेडकू मेलं तेव्हा सासूबाई गोठ्याच्या दारात बसून, तोंडाला पदर लावून रडल्या. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी माझा मुलगा गेला होता, आणि मला रडू आलं नव्हतं. दोन्ही गोष्टी घरानं पाहिल्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना मात्र गप्प बसवेना. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, "पोर गेलं आन् हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. हे काय बरं न्हवं." मला त्यांचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा पलटणीत होता. कुठल्या मुलखात, ते आम्हाला कळू देत नसत. मुलगा झाल्याचं त्याला कळवलं होतं, गेल्याचंही कळवलं. त्यानं त्याला पाहिलं कधीच नाही. आमचं गाव कृष्णाकाठी, उसाचं. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, पुढं सांगलीत गेलं. गाव जिथल्या तिथंच आहे, पाटी तेवढी बदलली. माझं माहेर मात्र वडूजकडचं, कोरडवाहू. आमच्याकडं दारात दोन शेळ्या असल्या की घर भरलेलं वाटायचं. म्हैस, तिची पेंड, तिचे रुसवेफुगवे हे सगळं मला सासरी आल्यावर कळलं.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, थोरले दीर, जाऊ आणि मी. जाऊ शिराळ्याची. नागाला हात लावीन, म्हणायची, पण आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घासून ठेवलेल्या भांड्याला लावणार नाही. सासूबाईंचा सोवळेपणा देवाधर्माचा नव्हता, स्वच्छतेचा होता. उंबरा, पाटा, जात्याचा खुंटा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं त्या धूत. चुलीतली लाकडंही धुतली असती, पण मग पेटायची नाहीत म्हणून राहिल्या, असं जाऊ म्हणे. आणि आम्ही दोघी पदरात तोंड घालून हसायचो. तेव्हा तिला दिवस होते, आणि माझा मुलगा मांडीवर होता.

तो तापानं गेला. पालथं पडायला नुकताच शिकला होता. पुरुषमाणसं त्याला ओढ्याकाठी घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. मी भिंतीला टेकून बसले होते. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. कुणी पाणी दिलं की प्यायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. अंगाला मात्र काही कळलं नव्हतं. त्याच्या पिण्याची वेळ झाली की छाती दगडासारखी व्हायची, गाठी धरायच्या, ठणकायच्या. मग सासूबाईंनी आमच्याकडचा नेहमीचा उपाय केला. मोगऱ्याची फुलं छातीवर पसरून वरून जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधला. रोज नवी फुलं. फुलांच्या वासानं की गारव्यानं की नुसत्या आवळण्यानं, कोण जाणे, पण दूध हळूहळू कमी होतं. तेव्हापासून मी मोगरा माळत नाही. कुणी विचारलं तर डोकं दुखतं म्हणून सांगते.

त्याचं सगळं सासूबाईंनी धुतलं. झबली, टोपडी, पाळण्याची दोरीसुद्धा. धुऊन, घड्या घालून वाटून टाकलं. एक दुपटं तेवढं मी उतरंडीतल्या एका मडक्यात कोंबलं होतं, न धुतलेलं. का ठेवलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रडता येत नाही तर निदान एवढं तरी करावं, असं काही असेल. मी ते पुन्हा काढून बघितलं नाही, छातीशी धरलं नाही. मडक्यात ते आहे एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं.

त्यानंतर रेडकू मेलं. म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. कास भरलेली, सड ताठ, पण दीर धारेला बसले की थेंब नाही. मग त्यांनी रेडकाचं कातडं काढवून आणलं, मीठ चोळून वाळवलं, आत भुसा भरला, पायांच्या जागी काठक्या खोचल्या आणि शिवून ते म्हशीपुढं उभं केलं. माहेरी मी असलं काही पाहिलं नव्हतं. मला शिसारी आली, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी नुसती खांबाला धरून बघत राहिले. म्हशीनं ते हुंगलं, हुंकारली आणि चाटायला लागली. पोटाची शिवण जरा उसवली होती, तिथून भुसा दिसत होता. तीही जागा तिनं चाटली. चाटता चाटता सड भरले आणि दिरांच्या चरवीत धार वाजली. म्हैस फसत होती की नाही, मला सांगता येणार नाही. भुशाची कुरकुर तिला ऐकू येत नव्हती, असं थोडंच आहे.

मग जाऊ बाळंत झाली. मुलगी झाली. आणि बाळंतपणाच्या तापानं जाऊ गेली. दिरांनी सांगलीहून डॉक्टर आणला, तो आला तेव्हा तिची वाचा गेली होती. ती माझ्या बरोबरीची होती, माझ्याशी हसणारी त्या घरात ती एकटीच. तिच्या वेळीही मला रडू आलं नाही. आता कुणी मला न्याहाळलंही नाही, कारण सगळ्यांचं लक्ष त्या पोरीकडं होतं.

पोरीला कापसाच्या बोळ्यानं म्हशीचं दूध पाजत होते. पाणी घालून, वावडिंग टाकून, उकळून. सासूबाई मांडीवर घेऊन थेंब थेंब तोंडात पिळायच्या. सांगलीत डब्याचं दूध मिळतं असं ऐकलं होतं, पण लढाईमुळं ते बाजारात दिसत नव्हतं. उन्हाळा तापला होता, गावातली बहुतेक जनावरं आटली होती. म्हणजे त्या पोरीचा जीव आमच्या म्हशीच्या पान्ह्यावर होता, आणि म्हशीचा पान्हा त्या भुशाच्या रेडकावर.

सुतक फिटलं त्या दिवशी सासूबाईंनी घर धुवायला काढलं. सुतकानंतर घर सगळेच धुतात. पण आमच्याकडं ते कसं झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. अंथरुणं, पांघरुणं, भांडी, दावी, कासरे. आणि उन्हात ठेवलेलं, माश्या घोंगावणारं ते रेडकू. त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यानं धुतलं, राखेनं चोळलं, पुन्हा धुतलं, नवा भुसा भरला आणि संध्याकाळी गोठ्यात उभं केलं. स्वच्छ, काळंभोर. त्यांना त्याचं कौतुकही वाटलं असावं, कारण दोन पावलं मागं जाऊन त्यांनी ते बघितलं.

म्हशीनं एकदा हुंगलं आणि मान फिरवली.

दिरांनी ते पुन्हा तिच्या तोंडाशी नेलं. तिनं शिंगानं ढकलून पाडलं. दिरांनी पेंड ठेवली, कासेला कोमट पाणी लावलं, पाठीवरून हात फिरवला. ती खात होती आणि लाथ झाडत होती. शेवटी ते रिकामी चरवी घेऊन उठले.

"आये, ह्येला काय केलंस गं?"

"धुतलं. लय वास मारत हुता."

"आगं, त्या वासावरच ती दूद देत हुती न्हवं!"

सासूबाईंनी पडलेलं रेडकू उचलून म्हशीपुढं पुन्हा उभं केलं. पुढं रोज तेच झालं, आणि रोज कास जरा जरा ढिली पडत गेली. म्हैस आटली.

चार घरं फिरून लोटीभर दूध मिळायचं, कधी गाईचं, कधी शेळीचं, कधी सकाळचं उरलेलं. ते पोरीला सोसेना. जुलाब लागले. टाळू खोल गेली, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि आधी घर डोक्यावर घेणारं तिचं रडणं बारीक होत गेलं. मांजराच्या पिलाएवढा आवाज. त्या आवाजाला मी पलीकडच्या खोलीत कडधान्य निवडत बसलेली असायची. ती मरेल हे मला समजत होतं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. हे मी लाजेनं सांगत नाही आणि तोऱ्यानंही नाही. होतं तसं सांगते.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. एका दुपारी ते ओसरीवर बसून आईला म्हणाले, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिला इच्यार की. पोरीला घेती का म्हनून."

शेजारच्या आजी होत्याच. "आवं, पोर मेलेल्या बाईचं दूद हाय त्ये. लागंल पोरीला."

"आन् न लागून काय राह्यलंय?" सासूबाई म्हणाल्या. त्या आत आल्या, माझ्यासमोर बसल्या. "फुलं काढ," म्हणाल्या.

पट्टा सोडला तेव्हा तपकिरी झालेली फुलं मांडीवर पडली. सासूबाईंनी पोरीला न्हाऊ घातलं, तेल लावलं, पांढऱ्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या छातीशी दिलं. तिनं तोंड लावलं. ओढलं, पुन्हा ओढलं, आणि सोडून दिलं. आत गाठी अजून दुखत होत्या, म्हणजे दूध सगळं आटलं नव्हतं. पण ते येईना. मी या बाजूची त्या बाजूला केली. ती थकून माझ्या दंडावर पडली. मला तिचा भार वाटत होता, पीठ बांधलेल्या फडक्याचा वाटावा तसा, त्याहून जास्त काही नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, न्हाई येत."

त्या उठून बाहेर गेल्या. मला ओसरीतून दिसत होत्या. गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हैस रवंथ करत होती, कोपऱ्यात ते धुतलेलं रेडकू पडलं होतं. बराच वेळ त्या कधी म्हशीकडं, कधी रेडकाकडं बघत राहिल्या. मग आत आल्या आणि सरळ उतरंडीपाशी गेल्या. एक एक मडकं खाली ठेवलं आणि नेमक्या त्या मडक्यातून दुपटं बाहेर काढलं.

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्या बाईनं घरातली एकही वस्तू धुवायची सोडली नव्हती, तिनं ते मडकं मुद्दाम सोडलं होतं. मला वाटलं, आता हेही धुतील. त्यांनी पोरीच्या अंगावरचं पांढरं फडकं काढून टाकलं आणि तिला त्या दुपट्यात डोक्यावरून गुंडाळलं.

"धुतलेलं म्हशीनं वळाकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू तरी कसं वळाकशील?"

पोरगी पुन्हा छातीशी आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. आंबलेलं दूध, टाळूचं तेल, वेखंड, धुरीचा ओवा, आणि या सगळ्यांच्या खाली त्याचा स्वतःचा एक. मी काही आठवलं नाही. आठवायला वेळच मिळाला नाही. आधी छातीत मुंग्या आल्या, मग सुया टोचल्यासारखं झालं, मग काखेपासून ऊन ऊन काहीतरी खाली सरकलं. पोरगी एका बाजूला होती आणि दूध दोन्हीकडून येत होतं. तिला ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "आलं गं बाई." आणि कपाळ भिंतीला टेकून बसल्या. माझी चोळी भिजली होती, मांडी भिजली होती. डोळे कोरडे. म्हशीच्या जागी आज मी आहे, एवढं मला लख्ख कळलं, आणि कळून काही झालं नाही. पोरगी पीत होती. पिऊन झाल्यावर झोपली.

लढाई संपल्यावर नवरा परत आला, त्याला सांगलीत नोकरी लागली आणि आम्ही विश्रामबागेकडं एका भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. मी सातवी पास होते, म्हणून सुईणीचं शिक्षण घ्यायला बसले. तिथं शिकवायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. एके दिवशी त्यांनी भिंतीवर डोक्याचं चित्र लावलं आणि मेंदूच्या बुडाशी छडी टेकवली. इथं हरभऱ्याएवढी एक गाठ असते, म्हणाल्या, पिट्यूटरी तिचं नाव. मूल अंगाला लागलं की ती एक रस रक्तात सोडते. तो छातीशी पोचला की दूध उतरतं. आईला भीती वाटली, धक्का बसला, तर अंगात दुसरा रस सुटतो आणि तो पहिल्याची वाट अडवतो. दूध असतं, पण उतरत नाही. सगळ्या बाया भराभरा लिहून घेत होत्या. मी नुसती ऐकत होते.

पुढं आणखी काही वाचलं, काही विचारून घेतलं. मला सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं. रक्त तो रस घेऊन सगळीकडं जातं. गुडघ्याला जातं, कानाच्या पाळीला जातं, डोळ्यांनाही जातं. पण बहुतेक पेशींच्या दारावरून तो तसाच निघून जातो. ज्या पेशींच्या अंगावर तो नेमका धरायची जागा असते, त्याच त्याला धरतात. दुधाच्या बारीक पिशव्यांना वेढून असलेल्या पेशींकडं ती जागा असते. रस तिथं बसला की बाहेरचा निरोप आत जातो, पेशी आवळते, पिशवी पिळली जाते. पेशी कुणाला विचारत नाही. बाईचं मन ताळ्यावर आहे का, हे मूल तिचं आहे का, याची चौकशी तिथं होत नाही. निरोप आला, काम झालं. मला हे वाचून फार हायसं वाटलं. त्या दुपारी मी दगड नव्हते. आतलं सगळं चालू होतं, वर खबर येत नव्हती एवढंच.

पण ते पुस्तकातलं झालं. मला जे कळायचं होतं ते त्याआधी, त्याच उन्हाळ्याच्या शेवटी कळलं होतं.

पोरगी सावरली. जुलाब थांबले, टाळू वर आली, आवाज फुटला. मी तिला पाजायची, पण प्रत्येक वेळी त्या दुपट्यातच. दुपटं बाजूला ठेवून पाजायची कुणाची छाती झाली नाही. सासूबाई त्याला पाण्याचा थेंब लागू देत नसत. पाहुणी बाई आली आणि नाक मुरडायला लागली, तर तिच्याकडं डोळे वटारून बघत. माझं म्हणाल तर मी अजून तशीच होते. छाती भरायची, रिकामी व्हायची. पोरगी माझ्याकडं बघून हसायला लागली होती, आणि मी तिच्याकडं बघून, हिला हसू यायला लागलं, अशी नोंद मनात करायची.

मग एका सकाळी तिनं दुपटं असं काही भरवलं की धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सासूबाई ते दोन बोटांत धरून माझ्यापुढं आल्या. त्यांनी आयुष्यात कुणाला विचारून काही धुतलं नव्हतं.

"धू का गं?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "धुवा."

त्या नदीवर गेल्या. मला भीती वाटली. किती दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती. दुपटं परत आलं, दोरीवर वाळलं. मी जाऊन ते नाकाला लावलं. ऊन, राख, नदीचं पाणी. बाकी काही नाही. तो त्यात उरला नव्हता. गोठ्यातली म्हैस दिरांनी केव्हाच बाजारात नेऊन विकली होती, पण तिनं मान फिरवली होती ती माझ्या डोळ्यांपुढं होती.

दिवस कलला तेव्हा मी परड्यात शेणी गोळा करत होते. घरात पोरगी जागी झाली आणि रडायला लागली. मांजराच्या पिलासारखं नव्हे, चांगलं कडाडून, तिच्या आईसारखं. मी शेणीची पाटी उचलायला वाकले आणि तशीच थांबले. छातीत मुंग्या आल्या. मग सुया. मग ते ऊन ऊन खाली सरकणं. मी अजून परड्यात होते. पोरगी माझ्याजवळ नव्हती, दुपटं दोरीवर होतं, कसलाही वास नव्हता, आणि माझी चोळी भिजत होती.

मी आत गेले, तिला उघडीच उचलली आणि भिंतीला टेकून बसले. तीच भिंत. तिनं तोंड लावलं. हे दूध तिच्या हाकेला आलं होतं. माझ्या मुलाच्या नव्हे. इतके दिवस माझं अंग त्याची वाट बघत होतं, त्याच्या वासाला उठत होतं, आणि आज त्या अंगानं मला न विचारता त्याला सोडून हिला धरलं होतं. आता त्याची वाट बघणारं माझ्या आत कुणी उरलं नव्हतं.

सासूबाई दारात आल्या. "उतरलं का न्हाई?" म्हणाल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्या तिथंच उंबऱ्यावर, बाहेरून आलेल्या न धुतलेल्या पायांनी, खाली बसल्या. पोरगी पीत राहिली. मी तिला घट्ट धरलं होतं, आणि मी माझ्या मुलासाठी पहिल्यांदा रडत होते.